विंडोज दुरुस्त झालं, ब्राउझर मात्र रुसून बसलाय

उंबरझरा

मंडळी, मदत हवी आहे. तंत्रज्ञान विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

घरचा डेस्कटॉप दहा-अकरा वर्षांचा, विंडोज १०. गेल्या आठवड्यात बाबा (माझे सासरे) त्यावर बसलेले असताना लाइट गेली, आली, परत गेली. त्यानंतर संगणक सुरूच होईना. जवळच्या दुकानातला मुलगा घरी येऊन पेन ड्राइव्हवरून विंडोज 'रिपेअर' करून गेला. एकही फाइल जाऊ दिली नाही म्हणाला, आणि ते खरंच आहे. फोटो, पत्रं, हिशेब सगळं जागच्या जागी.

पण ब्राउझरचं काही खरं नाही. क्रोममध्ये जवळपास कुठलीच साइट उघडत नाही. लाल चिन्ह येतं, खाली इंग्रजीत काहीतरी दम दिलेला असतो, बाबा तो वाचायच्या आत खिडकी बंद करतात. एजमध्येही तेच. गंमत म्हणजे बाबांची शब्दकोड्यांची एक जुनीपुराणी साइट मात्र झोकात उघडते, म्हणजे नेट चालू आहे. दुसरं दुखणं म्हणजे बाबांचे सगळे बुकमार्क गेले. तीनशेच्या वर होते, गेल्या आठ-नऊ वर्षांत जमवलेले. साठवलेले पासवर्डही गेले. आणि तिसरं, मराठी अक्षरं वेगळीच दिसताहेत. वाचता येतात, पण बाबा म्हणतात 'ही आपली अक्षरं नव्हेत'.

दुकानातला मुलगा फोनवर म्हणाला, 'काकू, आता फॉरमॅटच मारावं लागेल.' बाबा म्हणाले, 'त्याला सांग, आधी मला मार.'

हे मोबाइलवरून लिहितेय.

ठोकळेबाज

फॉरमॅट मारा आणि मोकळे व्हा. आयुष्य लहान आहे.

मधली_सुट्टी

बाबांच्या वाक्याला +१. पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

वायरमन

ताई, फॉरमॅटच्या नादी लागू नका. आधी दोन प्रश्नांची उत्तरं द्या. जी साइट उघडते तिच्या पत्त्याशेजारी 'नॉट सिक्युअर' असं लिहून येतं का? आणि संगणकावर आज तारीख काय दिसते? वेळ नव्हे, तारीख.

तिरफळ

लाल पडद्यावर खाली 'ॲडव्हान्स्ड' असं बटण असतं. ते दाबायचं आणि 'तरीही पुढे जा' म्हणायचं. मी कायम तेच करतो. एवढं काय.

सदाफुली

तिरफळ, बँकेच्या साइटवरही असंच करता? तसं असेल तर तुमचा खाते क्रमांकही इथेच देऊन टाका, मध्ये बसून चोरून वाचणाऱ्याचे कष्ट वाचतील. (कृपया हलके घ्या.)

पण खरंच सांगते, उंबरझरा, असं काही करू नका. एका साइटवर तो पडदा आला तर त्या साइटचं काहीतरी बिघडलेलं असू शकतं. सगळ्याच साइटवर आला तर बिघाड आपल्या घरात असतो.

उंबरझरा

वायरमन, घड्याळ मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं. कोपऱ्यात १०:१२, भिंतीवर १०:१२. अगदी बरोबर. कोड्यांच्या साइटवर 'नॉट सिक्युअर' लिहिलेलं आहे, पण ते पूर्वीही असायचं.

वायरमन

ताई, कोपऱ्यात फक्त वेळ दिसतेय ना? खालची पट्टी बारीक करून ठेवली असेल तर विंडोज १० तारीख दाखवतच नाही. माउसचा बाण त्या वेळेवर नेऊन दोन क्षण थांबा. काय लिहून येतंय ते इथे लिहा.

उंबरझरा

अरे देवा.

शनिवार, ३ जानेवारी २०१५.

आमच्याकडे आज गुरुवार आहे.

मधली_सुट्टी

बाबांना सांगा, अकरा वर्षांनी तरुण झालात.

वायरमन

सापडला चोर. आता का ते सांगतो, म्हणजे परत कधी झालं तर दुकानदाराची वाट बघायला नको.

कुलूपवाली, म्हणजे https ने सुरू होणारी, कुठलीही साइट उघडताना ती आधी आपलं ओळखपत्र दाखवते. त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते छापलेलं असतं. पूर्वी ही ओळखपत्रं दोन-तीन वर्षांची असायची. सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवसांच्या वरचं ओळखपत्र ब्राउझर मान्यच करत नाहीत, आणि फुकट मिळणारी बरीचशी ९० दिवसांचीच असतात. आता २०१५ सालात बसलेल्या संगणकापुढे परवा काढलेलं ओळखपत्र धरलं, तर तो म्हणणार हे अजून जन्मालाच आलेलं नाही. क्रोम काय, एज काय, दोघंही त्याच घड्याळाकडे बघतात. तुमची कोड्यांची साइट जुन्या, बिनकुलपाच्या पद्धतीची आहे. ती ओळखपत्र दाखवतच नाही, त्यामुळे अडतही नाही.

विंडोज स्वतःहून वेळ जुळवून घेत नाही का, असं कोणीतरी विचारेलच. घेतं, पण घरगुती संगणकावर फरक १५ तासांच्या आतला असेल तरच. अकरा वर्षांचा फरक बघितला की ते हात वर करतं. म्हणून आधी तारीख हाताने बरोबर करा, मग सेटिंग्जमधलं 'सिंक नाऊ' दाबा.

आणि आता खरा प्रश्न. रात्री संगणक बंद केल्यावर भिंतीवरच्या बोर्डाचं बटणही बंद करता का?

उंबरझरा

करतो की. वीजबिल काय कमी येतंय?

तारीख बदलली आणि सगळ्या साइट उघडल्या!! बदलायच्या आधी तो लाल पडदा मी पहिल्यांदाच नीट वाचला. चक्क लिहिलंय, तुमचं घड्याळ मागे आहे. आठ दिवस बिचारा सांगत होता.

वायरमन

उद्या सकाळी परत मागे जाईल बघा. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. बोर्डाचं बटण चालू असेपर्यंत घड्याळ त्या विजेवर चालतं, ते बंद केलं की सगळा भार या सेलवर. दहा वर्षांत तो संपलाच असणार. घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळतो. काढण्याआधी कुठली बाजू वर आहे ते बघून ठेवा.

दुकानातल्या मुलाने वेळ लावली आणि वर्ष बघितलं नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

सदाफुली

तारखेवरून आमच्या नाशिकच्या घरचा किस्सा. मी इथे न्यू जर्सीत, आईबाबा तिकडे. त्यांच्या लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकलं तेव्हा टाइम झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहिला. बाबांनी बघितलं, वेळ चुकलीय, म्हणून हाताने काटे फिरवून भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवले. दिसायला सगळं ठीक.

त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघाची ऑनलाइन बैठक होती रविवारी सकाळी दहाला. ब्राउझरमधल्या कॅलेंडरने ती वेळ इमानदारीत पश्चिम किनाऱ्याच्या हिशेबाने दाखवली, शनिवारी रात्री साडेआठ. बाबा शनिवारी रात्री इस्त्रीचा शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर पाऊण तास एकटेच बसले होते. आणि रविवारी सकाळी, 'काल कोणीच आलं नाही' म्हणून रागावून, बैठक चालू असताना फिरायला गेले.

तेव्हा घड्याळ लावताना आधी झोन बघावा, मग काटे.

आडोशी

ज्यांच्याकडे विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत त्यांच्यासाठी पुरवणी. लिनक्स मदरबोर्डचं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतो, विंडोज ते स्थानिक वेळेवर आहे असं धरून चालतं. त्यामुळे इकडून तिकडे गेलं की बरोब्बर साडेपाच तासांची गडबड. साडेपाचचा फरक दिसला की सेल बदलायला धावू नका.

बाकी विंडोजच टाकलं नसतं तर हा धागाच निघाला नसता, हे नम्रपणे नमूद करतो.

ठोकळेबाज

आले लिनक्सवाले. मी वाटच बघत होतो, कितव्या प्रतिसादाला येतात.

रात्रपाळी

माझाही अनुभव टाकतो, कारण लक्षणं अशीच, कारण वेगळं. मागे भावाच्या लॅपटॉपमध्ये कसलातरी चावट प्रोग्रॅम शिरला होता. तो काढला, विंडोज दुरुस्त केलं, सिस्टिम फायली तपासायची ती कमांडही चालवली (आधी डिस्म, मग एसएफसी, याच क्रमाने, कारण एसएफसी ज्या कोठारातून चांगल्या फायली आणतो ते कोठार डिस्म साफ करतो). सगळं हिरवंगार. तरी क्रोम म्हणे प्रॉक्सी सर्व्हर (नेटची ये-जा ज्याच्यामार्फत होते तो मधला थांबा) सापडत नाही. फायरफॉक्स मात्र मस्त चालायचा. दोन रात्री घालवल्या.

झालं असं होतं की त्या चावट प्रोग्रॅमने सगळी ये-जा आपल्या घरातून जावी म्हणून विंडोजच्या प्रॉक्सीच्या रकान्यात १२७.०.०.१ हा पत्ता, म्हणजे त्याच लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता, लिहून ठेवला होता. प्रोग्रॅम गेला, पाटी तशीच राहिली. विंडोजची दुरुस्ती असल्या पाटीला हात लावत नाही, कारण तिच्या लेखी ती तुम्हीच लावलेली असते. क्रोम आणि एज विंडोजचीच प्रॉक्सी वापरतात. भावाच्या फायरफॉक्समध्ये कोणीतरी पूर्वी 'प्रॉक्सी नको' निवडून ठेवलं होतं, म्हणून तो वाचला. सेटिंग्ज, नेटवर्क, प्रॉक्सी इथे जाऊन बटण बंद केलं. अर्धं मिनिट लागलं.

एक ब्राउझर चालतो आणि दुसरा चालत नाही, ही फार मोलाची खूण असते. ती न बघता फॉरमॅट मारणाऱ्यांना (नाव घेत नाही) माझा दंडवत.

ठोकळेबाज

दोन रात्री! रात्रपाळीसाहेब, दोन तासांत फॉरमॅट होऊन मी सिनेमा बघून झोपलो असतो.

रात्रपाळी

आणि तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर (विंडोजला एखादा भाग चालवायला लागणारा छोटा प्रोग्रॅम) शोधत बसला असता. नवीन विंडोजला नेटवर्क कार्ड ओळखता आलं नाही की नेट नाही, नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही. कोंबडी आणि अंडं.

आडोशी

त्या कोंबडीवर उपाय आहे हो. मोबाइल यूएसबीने जोडा आणि टेदरिंग चालू करा, म्हणजे मोबाइलचं नेट संगणकाला मिळतं. सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

पिंपळपान_७२

ठोकळेबाज यांच्यासाठी खास. मी खरोखरच दोनदा फॉरमॅट मारला. दोन्ही वेळेला क्रोममध्ये काहीही शोधलं की भलत्याच शोधयंत्रावर जायचं आणि कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत' अशा जाहिराती. हार्ड डिस्क कोरी करून पुन्हा तेच! मला वाटलं व्हायरस मदरबोर्डमध्ये शिरलाय. नवीन संगणक घ्यायच्या बेतात होतो.

शेवटी पुतणीने पाच मिनिटांत दाखवलं. घाण संगणकात नव्हतीच, माझ्या खात्यात होती. क्रोममध्ये लॉगिन केलं की सिंक बुकमार्कांबरोबर एक्स्टेन्शनही (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) परत आणून बसवतं. मी दर वेळी घर धुऊन काढत होतो आणि चोराला मीच किल्ली देत होतो. एक्स्टेन्शनच्या यादीतून 'पीडीएफ कन्व्हर्टर' नावाचं ते रत्न काढलं, मग सूचना पाठवायची परवानगी ज्या साइटना होती त्या यादीत गेलो. अकरा साइट! मी कधी 'अलाउ' म्हणालो आठवतही नाही. त्या काढल्या आणि पाचही व्हायरस गेले.

ठोकळेबाज

हे मात्र मान्य. या बाबतीत फॉरमॅट हरला.

मधली_सुट्टी

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

आडोशी

पिंपळपान, 'व्हायरस मदरबोर्डमध्ये' हे अगदीच हसण्यावारी नेऊ नका, संगणकाबाहेर बसलेली घाण खरंच असते. डीएनएसचेंजर आठवतंय का कोणाला? तो संगणकातला, आणि काही वेळा राउटरमधला, नावांवरून पत्ता शोधायचा कारभार स्वतःच्या सर्व्हरकडे वळवायचा. शंभराहून अधिक देशांत मिळून सुमारे ४० लाख संगणक. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयने टोळी पकडली, पण ते सर्व्हर तडकाफडकी बंद केले तर एवढ्या लोकांचं नेट बंद पडणार, म्हणून कोर्टाच्या परवानगीने त्या जागी चांगले सर्व्हर चालवले. ९ जुलै २०१२ ला ते बंद झाले तेव्हा ज्यांनी तोवर काही केलं नव्हतं त्यांचं नेट गेलं. नेट होतं खरं, पत्ता सांगणारा गेला.

तेव्हा विंडोज दुरुस्त करूनही घरातल्या सगळ्याच यंत्रांवर तोच त्रास असेल तर राउटरमध्ये डोकवा.

उंबरझरा

बाप रे, किती माहिती. सेल बदलला. (घड्याळजीने पन्नास रुपये घेतले आणि वर विचारलं, 'कॉम्प्युटरला कशाला घड्याळ?') तारीख टिकली.

आता बुकमार्क? बाबा रोज सकाळी विचारतात, 'आली का माझी पानं?'

वायरमन

सी ड्राइव्ह उघडून यूजर्स नावाच्या फोल्डरमध्ये बघा. किती नावं आहेत?

उंबरझरा

तीन. पब्लिक, बाबांचं नाव आणि 'शॉप'.

'शॉप' आमचं नाही.

वायरमन

वाटलंच. बाबांच्या खात्यात शिरता येईना म्हणून त्या मुलाने 'शॉप' नावाचं नवं खातं काढलं आणि फोटो-पत्रं त्यात आणून ठेवली. ब्राउझरचं घरदार मात्र जुन्या खात्यात तसंच पडलंय. बुकमार्क गेलेले नाहीत, तुम्ही शेजारच्या घरात राहताय इतकंच.

पेन ड्राइव्ह लावा. काहीही करायच्या आधी बाबांच्या नावाचं फोल्डर उघडा, वर 'व्ह्यू'मध्ये जाऊन लपवलेल्या फायली दाखवा, मग ॲपडेटा, लोकल, गूगल, क्रोम. तिथलं 'यूजर डेटा' अख्खं पेन ड्राइव्हवर उतरवा. त्यातल्या 'डिफॉल्ट'मध्ये 'बुकमार्क्स' नावाची फाइल आहे, पुढे टिंब-बिंब काही नसलेली. शेजारी तिचीच '.बॅक' म्हणून एक मागची प्रत असते. क्रोम पूर्ण बंद करून ही फाइल नव्या खात्याच्या त्याच जागी ठेवली की तीनशे पानं हजर.

पासवर्डांचं मात्र तसं नाही. क्रोम ते विंडोजच्या त्या-त्या खात्याच्या किल्लीने बंद करून ठेवतो. फाइल उचलून आणली तरी नुसती कुलूपबंद पेटी मिळते. त्यासाठी जुन्या खात्यातच शिरावं लागेल.

चिंचगूळ

फायरफॉक्सचंही असंच का?

वायरमन

नाही. फायरफॉक्सचे पासवर्ड दोन फायलींत असतात, एकात पेटी आणि एकात किल्ली. दोन्ही बरोबर नेल्या तर कुठल्याही संगणकावर उघडतात. सोय आहे आणि धोकाही तोच. रच्याकने (जाता जाता), फायरफॉक्स नव्याने टाकल्यावर बुकमार्क गेले असं वाटलं तर रडण्याआधी पत्त्याच्या जागी 'अबाउट:प्रोफाइल्स' लिहून बघा. बऱ्याचदा त्याने नवी कोरी प्रोफाइल काढलेली असते आणि जुनी खाली शांत पडलेली असते.

उंबरझरा

बुकमार्क आले!! तीनशे चौदा. बाबांनी मोजले.

जुन्या खात्याचा पासवर्ड मात्र त्यांना आठवत नाहीये, पूर्वी चार आकडी पिन टाकायचे, तीही आता चालेना. दुकानातल्या मुलाला फोन केला, तो म्हणाला पासवर्ड उडवून देतो, दोन मिनिटांचं काम, संध्याकाळी येतो.

वायरमन

ताई, थांबवा त्याला! आत्ता फोन करा!

वायरमन

घाईत ओरडलो, माफ करा. दुसऱ्या खात्यातून किंवा पेन ड्राइव्हवरून पासवर्ड 'उडवला' की खातं उघडतं खरं, पण मी वर म्हटलं ती किल्ली जुन्या पासवर्डातूनच बनलेली असते. तो जबरदस्तीने बदलला की साठवलेले पासवर्ड कायमचे कुलूपबंद. जुना पासवर्ड पुढे कधी आठवला तरच सुटका. बाबांनी कुठेतरी लिहून ठेवलाच असेल. त्या पिढीने लिहून ठेवलेलं असतंच.

सदाफुली

डायरीचं शेवटचं पान, टेलिफोन डायरीत 'प' खाली, पंचांग, गॅसच्या पुस्तकाचं मागचं पान. या क्रमाने शोधा.

पिंपळपान_७२

माझा फ्रिजच्या वॉरंटी कार्डावर आहे. (कोणाचा फ्रिज ते सांगणार नाही.)

चिंचगूळ

शोधाशोध होईपर्यंत अक्षरांवर बोलू का? तो एकटाच प्रश्न मागे पडलाय आणि माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

एक्सपीच्या काळात विंडोज नव्याने टाकलं की मराठी साइटवर पहिला ऱ्हस्व इकार अक्षराच्या नंतर जायचा आणि जोडाक्षरांचे पाय मोडायचे. 'स्थिती' वाचताना जीभ अडखळायची. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'ला टिचकी मारायची आणि मग तो मूळ सीडी मागायचा. ती सीडी कुणाकडेच नसायची. माझ्या ओळखीत एकाच माणसाकडे होती आणि आम्ही ती सत्यनारायणाच्या पोथीसारखी घरोघर फिरवायचो.

आता तसं नाही. विंडोज ८ पासून निर्मला नावाचा फॉन्ट आपल्याकडच्या लिप्यांसाठी बरोबर येतो. पण विंडोज १० कोरं टाकलं की जुना मंगल आपोआप येतोच असं नाही. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे सगळे 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' नावाच्या वेगळ्या गाठोड्यात आहेत. सेटिंग्जमधल्या ऐच्छिक सुविधांत जाऊन ते उतरवून घ्यावं लागतं. बाबांची 'आपली अक्षरं' म्हणजे मंगलच असणार, मी पैज लावतो.

तिरफळ

मंगल दिसायला काय ग्रेट आहे? सरकारी जीआर वाचल्यासारखं वाटतं.

चिंचगूळ

वीस वर्षं बघितलेला चेहरा आहे तो. सुंदर आहे की नाही हा प्रश्नच नाही.

आडोशी

मूळ धाग्याकडे वळण्यापूर्वी एक अप्रिय गोष्ट. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मुदतवाढीची नोंदणी केली तर घरगुती संगणकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, पुढे काय? एवढ्या जुन्या यंत्राचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसणार नाही, तिथे इंटेल आठव्या पिढीपासून पुढचाच लागतो. ब्राउझर काही काळ चालतील, मग तेही सोडतील. विंडोज ७ ला क्रोमने १०९ व्या आवृत्तीवर सोडलं. माझं मत सगळ्यांना माहीत आहे, म्हणून सांगत नाही.

मधली_सुट्टी

न सांगता सांगण्याची कला.

सदाफुली

आडोशी, मुद्दा बरोबर आहे. पण ज्या माणसाला फॉन्ट बदललेला खपत नाही त्याला तुम्ही अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम बदलून देणार?

उंबरझरा

सापडला! गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या मागे, दुधाच्या हिशेबाखाली. कॅलेंडर रद्दीत निघालं होतं, रद्दीवाला आला नाही म्हणून वाचलं.

पण जुन्या खात्यात शिरल्यावर डेस्कटॉप पूर्ण रिकामा, आणि खाली सूचना, 'तुमच्या खात्यात साइन इन करता येत नाही'. आता?

वायरमन

ते तात्पुरतं खातं आहे, तिथे काहीही साठवू नका. लाइट गेली तेव्हा रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतली, बाबांची नोंद अर्धवट राहिली. 'शॉप' खात्यात परत या, रेजएडिट (ती नोंदवही उघडायचा प्रोग्रॅम) उघडा. आधी फाइल मेनूतून एक्स्पोर्ट करून अख्ख्या रजिस्ट्रीची प्रत ठेवा, हे विसरायचं नाही. मग लोकल मशीनखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, प्रोफाइललिस्ट. तिथे एकच लांबलचक आकडा दोनदा दिसेल, एकदा नुसता आणि एकदा शेवटी '.बॅक' लावलेला. नुसता आहे तो खोटा, त्याच्या नावापुढे काहीतरी चिकटवून बाजूला करा. दुसऱ्याच्या नावातलं '.बॅक' काढून टाका. त्याच्या आत 'स्टेट' असेल त्यात शून्य भरा. संगणक बंद करून चालू करा.

कुठेही शंका आली तर थांबून फोटो काढा आणि इथे टाका. लांबलचक आकडा खोडून मग.

मधली_सुट्टी

श्वास रोखून बसलेय.

रात्रपाळी

मीही. आणि मला सहाला उठायचंय.

उंबरझरा

झालं!!!

हात थरथरत होते, पण झालं. बाबांचं जुनं खातं उघडलं. डेस्कटॉपवर नातवाचा फोटो, सगळं जसंच्या तसं. क्रोम उघडला तर पासवर्ड आहेत, बुकमार्क आहेत, आणि चिंचगूळ, अक्षरंसुद्धा आपोआप परत आली! सेटिंग्जमध्ये बघितलं तर फॉन्टच्या रकान्यात मंगल. कधीतरी माझ्या नवऱ्याने त्या खात्याच्या क्रोममध्ये निवडून दिला होता, तो विसरूनही गेला होता. पैज तुम्ही जिंकलात.

पासवर्ड सगळे वहीत उतरवून घेतले. वायरमन, तुम्ही मिरजेला कधी आलात तर घरी यायचंच. 'शॉप' खातं राहू दे का उडवू?

वायरमन

आठवडाभर राहू द्या. फोटो-पत्रं जुन्या खात्यातही आहेत ना याची खात्री झाली की मग उडवा. आणि वही पंचांगात ठेवू नका.

चिंचगूळ

मंगल जिंदाबाद.

उंबरझरा

बाबांनी हा अख्खा धागा आज संगणकावर बसून वाचला. तुम्हा सगळ्यांना आशीर्वाद सांगितलेत. शिवाय त्यांचं आजचं कोडं अडलंय, तेही विचारलंय. 'साचेबद्ध, एकाच ठशाचा'. पाच अक्षरं, शेवटचं 'ज'.

मधली_सुट्टी

ठोकळेबाज. मोजा, पाचच आहेत.

ठोकळेबाज

सापडलो.

बाबांना सांगा, तरीही अडलं तर कोडं फॉरमॅट मारा.